चौसष्ट कलमांचा अभिप्राय

"वैनी, तुमी वाचू नका. नुसतं बघा," इमामभाई म्हणाले. "मानूस वाचाय लागला, की चूक नजरंतनं सुटती."

"वाचता येतंय कुणाला?" मी म्हटलं. "मला इंग्रजीतलं एक अक्षर ओळखू येत नाही."

"मग तर लईच ब्येस. मला बी येत न्हाई."

असं म्हणून आम्ही दोघं प्रूफ तपासायला बसलो. ही छत्तीस सालची गोष्ट. तासगावच्या पेठेत एक छापखाना होता. लग्नाच्या पत्रिका, नाटकाच्या जाहिराती आणि गुळाच्या अडत्यांची बिलं छापायचा. इमामभाई मोमीन तिथले कंपोझिटर. वीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून त्यांची बोटं अशी काळी झाली होती, की ईदच्या दिवशीसुद्धा उजळत नसत. इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हतं, आणि आमच्या ह्यांचं 'इंग्रजी व्याकरणाचा उंबरठा' हे दीडशे पानांचं पुस्तक त्यांनी नुसते आकार बघून, एकेक खिळा उचलून जुळवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला भाषा येते तो पुढचा शब्द आधीच मनात धरून चालतो, आणि मग कागदावर भलतंच उतरतं. ज्याला येत नाही तो बापडा समोर असेल तेच लावतो.

मूळ पत्र माझ्या हातात, प्रूफ त्यांच्या हातात. दर अक्षराला त्यांनी स्वतःचं नाव ठेवलेलं. पाच मिनिटांत मलाही ती नावं पाठ झाली.

"भोपळा," इमामभाई बोट ठेवून म्हणायचे.

"आहे."

"पोटुशी बाई, मागं वळल्याली."

"आहे."

"साप. टिंबाची काठी. कमान."

"थांबा, थांबा. माझ्याकडे कमान आहे, तुमच्याकडे वाटी दिसतेय."

ते प्रुफावर वाकले. "उलटा बसला की मुडदा!" म्हणत त्यांनी चिमट्यानं समोरच्या जुळणीतला तो खिळा उपसला आणि सुलटा बसवला. "वैनी, नजर हाय बरं का तुमची. मास्तरांच्या बी ध्यानात आलं नसतं हे."

मला कोण आनंद झाला! एकोणीस वर्षांची होते मी, मराठी चौथी शिकलेली, आणि इंग्रजी पुस्तकातली चूक पकडली होती. दुपारभर बसून आम्ही ते पत्र शेवटच्या टिंबापर्यंत तपासलं. इंग्रजी आकडे मात्र आम्हा दोघांनाही यायचे. त्यांना बिलांमुळे, मला भिंतीवरच्या कॅलेंडरामुळे.

"एकपास्नं चौसष्टपत्तर कलमं हायती," इमामभाई आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाले. "मास्तरांनी पुस्तकात येवढं केलंय तरी काय काय?"

"चौसष्ट गुण दिसले असतील अण्णासाहेबांना," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मला त्यात काही जास्त वाटलं नाही.

आता हे अण्णासाहेब कोण आणि त्यांच्या पत्राचं एवढं काय, ते सांगते.

त्या काळी इंग्रजी शिकायची मराठी पुस्तकं निघायला लागली होती, आणि प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला थोरामोठ्यांचे अभिप्राय छापायची रीत होती. अभिप्रायाशिवाय पुस्तक म्हणजे कुंकवाशिवाय लग्नपत्रिका. लेखकानं हस्तलिखित चार-पाच विद्वानांकडे पाठवायचं, त्यांनी 'पुस्तक उपयुक्त असून लेखकाने परिश्रम घेतले आहेत' अशा चार ओळी लिहायच्या, आणि त्याखाली त्यांच्या पदव्या पुस्तकापेक्षा मोठ्या टायपात छापायच्या.

आमच्या ह्यांनीही पाच जणांकडे हस्तलिखित पाठवलं होतं. त्यातले चार नुसते रीत म्हणून. जीव अडकला होता तो पाचव्यात. ते म्हणजे अण्णासाहेब सबनीस. गावातल्या इंग्रजी शाळेचे जुने हेडमास्तर, निवृत्त झालेले, पण शाळेची कमिटी त्यांना विचारल्याशिवाय खडूचा डबाही मागवत नसे. हे त्याच शाळेत तात्पुरते मास्तर होते. दिवाळीनंतर कायम कुणाला करायचं ते कमिटी ठरवणार होती, आणि कमिटी काय ठरवणार हे अण्णासाहेब ठरवणार होते.

पण नोकरी ही त्यातली धाकटी गोष्ट. थोरली वेगळीच होती, ती लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी ह्यांनी मला सांगितली. हे मॅट्रिकला असताना अण्णासाहेबांनी ह्यांचा निबंध भर वर्गात वाचून दाखवला, वही मिटली आणि म्हणाले, "त्र्यंबक, इंग्रजी हे तुझं काम नव्हे." बस, एवढंच. मुलं हसली, तास संपला. हे मात्र त्या वाक्याशी चौदा वर्षं भांडत होते. मुद्दाम इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, मुद्दाम त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला आले, आणि आता इंग्रजीचं पुस्तकच लिहून बसले. सगळा आटापिटा अण्णासाहेबांच्या तोंडून एक बरा शब्द ऐकण्यासाठी. मी म्हणायची, "अहो, त्यांना आठवतसुद्धा नसेल." त्यावर हे म्हणायचे, "मला आठवतं ना."

चार अभिप्राय पटापट आले. ह्यांनी मला मराठीत सांगितले. चारही ऐकायला एकसारखेच. पाचवा आला गणपती झाल्यावर. जाड पाकीट, आत तीन मोठे कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. अक्षर सुटं सुटं, छापल्यासारखं. फळ्यावर लिहायची सवय हातातून गेली नव्हती. हे उभ्या उभ्याच वाचायला लागले. पहिलं पान संपलं आणि ह्यांनी कागदांची घडी घातली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"मोठा अभिप्राय आहे," हे म्हणाले. आणि ट्रंक उघडून, लग्नातल्या कोटाच्या आतल्या खिशात ते पाकीट ठेवून दिलं. मला वाटलं, जपून ठेवलं. मी मनात साखर वाटली.

पुढं आठ दिवसांत हिवतापानं ह्यांना पार आडवं केलं. एक दिवसाआड हुडहुडी, वर कुनिनचे कडू डोस. त्यातच छापखान्यातून निरोप आला, की पुस्तक झालंय, अभिप्रायांची पानं तेवढी राहिलीत, आजच्या आज मजकूर द्या, नाहीतर दिवाळीच्या जाहिराती मशीनवर चढतील. ह्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढून टेबलाकडे बोट केलं. "ती चार पत्रं दे नेऊन," म्हणाले आणि पुन्हा गुंगीत गेले.

चार? मी मोजली, चारच होती. म्हटलं, तापात विसरले. ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला तोच अभिप्राय विसरले! उठवून विचारावं असं क्षणभर आलंही मनात. पण मग वाटलं, नको. बरे झाल्यावर पुस्तक हातात घेतील, उघडतील, आणि पहिल्याच पानावर अण्णासाहेब! काय चेहरा होईल ह्यांचा! मी ट्रंक उघडली, कोटाच्या खिशातून पाकीट काढलं आणि सगळ्यांच्या वर ठेवलं. इतरांच्या चार ओळी, अण्णासाहेबांची सहा पानं. पहिला मान त्यांचाच. इमामभाईंनाही ते पटलं. "असं अक्षर असल तर आंधळा बी जुळवंल," ते म्हणाले.

दिवाळीची सुट्टी संपता संपता पुस्तकांचा गठ्ठा घरी आला. हे तापातून उठले होते, पण कानटोपी आणि घोंगडी सुटली नव्हती. मी गठ्ठ्याची दोरी सोडली, वरची प्रत पुसून ह्यांच्या हातात दिली आणि समोर मांडी ठोकून चेहरा बघत बसले.

चेहरा झाला, पण मी ठरवला होता तो नव्हे.

"वेणू," हे अगदी हळू म्हणाले, "हे छापायला कुणी दिलं?"

"मी!" मी म्हटलं. "तुम्ही विसरला होतात. सबंध छापलंय, एक टिंब सुटलेलं नाही. मी स्वतः तपासलंय."

"तू तपासलंस?"

"मी आणि इमामभाईंनी. एक कमान उलटी बसली होती, तीसुद्धा सुलटी करून घेतली."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. वर्गात सांगतात ना, तसंच सावकाश.

"कलम एक. पुस्तकाला उंबरठा हे नाव योग्यच आहे, कारण लेखक अजून आत आलेला नाही. कलम दोन. पृष्ठ चारवर तीन वाक्यं इंग्रजी आहेत. बाकीची मराठीच असून फक्त अक्षरं इंग्रजी वापरली आहेत. कलम तीन. उदाहरणांतला गोविंद पहिल्या ओळीत मरतो आणि चौथ्या ओळीत आंबा खातो. हा भूतकाळ शिकवण्याचा नवा प्रकार असावा..."

"पुरे," मी म्हटलं.  "सगळं असंच आहे?"

"चौसष्ट आहेत. चुकांची यादी आहे ती, वेणू."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?" मी रडायलाच लागले. "मोठा अभिप्राय आहे म्हणालात!"

"काय सांगणार होतो? ज्यांच्या एका शब्दासाठी तुला वर्षभर रॉकेल जाळायला लावलं, त्यांनी पहिल्याच ओळीत दाराबाहेर उभं केलं, असं सांगू?"

यावर रागवावं की रडावं ते मला कळेना. पुस्तक मागे घ्यायचीही सोय राहिली नव्हती. अभिप्राय देणाऱ्यांना आणि कमिटीच्या सभासदांना भेटीच्या प्रती छापखान्यातूनच परस्पर गेल्या होत्या. ह्यांनीच आजारपणाआधी तशी यादी करून दिली होती. त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मी ह्यांच्यावर चिडले होते आणि ह्यांच्यासाठी जीवही तुटत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार झाडत होते, तर गल्लीच्या तोंडाशी काळी छत्री, लांब कोट आणि काखेत ते पुस्तक. मी धावत आत आले. "अहो, अण्णासाहेब येताहेत."

हे बाजेवरून ताडकन उठले. "मी घरी नाही म्हणून सांग," म्हणाले, आणि बी. ए. झालेला माणूस घोंगडीसकट स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिंपाआड जाऊन बसला.

"त्र्यंबक आहे का?" अण्णासाहेबांचा आवाज अजून वर्गातलाच होता.

"नाहीत. बाहेर गेलेत."

"कुठे?"

"सांगून नाही गेले."

"तापातून उठलेला माणूस न सांगता बाहेर जातो?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग थांबतो," असं म्हणून ते खुर्चीवर बसले आणि छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरली.

मी चहा टाकायला आत गेले. आमची जागा दोनच खणांची. बाहेरचं सगळं आत ऐकू यायचं. लाकडं ओली होती. धुरानं ह्यांना खोकल्याची उबळ येत होती आणि हे घोंगडीचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. माझी तशातही हसू आवरता पुरेवाट झाली.

"मुली, तिथूनच ऐक," बाहेरून अण्णासाहेब बोलायला लागले. "तू त्याची बायको आहेस, तुला कळायला हवं. तीस वर्षं लोक माझ्याकडे अभिप्राय मागायला येतात. मी खरं असेल ते लिहून देतो. मग पुस्तक छापून येतं, आणि माझ्या पत्रातलं कुठलं तरी एक गोड वाक्य तेवढं त्यात असतं. बाकीचं सगळे गिळतात. परवाच एकानं माझ्या शिव्यांतून 'परिश्रम' एवढा एकच शब्द वेचून छापला. आणि हा मुलगा! सबंध पत्र छापलं यानं. चौसष्टच्या चौसष्ट कलमं, आणि तीही सगळ्यांच्या आधी. काल रात्री मी मूळ मसुदा घेऊन ताडून पाहिलं. स्वल्पविराम हललेला नाही. माझ्या विद्यार्थ्यांत इतका प्रामाणिक कुणी निघेल, असं मला वाटलं नव्हतं. सोमवारी कमिटीत मी हेच सांगणार आहे."

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. पिंपाआड हे एकटक माझ्याकडे बघत होते. ज्या शब्दाची चौदा वर्षं वाट बघितली तो बाहेर खुर्चीत बसून मोठ्यानं बोलला जात होता, आणि तो खोटा होता. मी खरं सांगितलं असतं तर माझ्या अडाणीपणाला अण्णासाहेब हसले असते, त्याचं मला काही नव्हतं. पण ह्यांनी पत्र लपवलं होतं, तेही त्याबरोबर बाहेर आलं असतं. मी एका क्षणात ठरवलं, गप्प बसायचं. पाप लागलं तर मला लागो. मी ह्यांना डोळ्यांनीच दटावलं, चहाची कपबशी उचलली आणि बाहेर गेले.

अण्णासाहेबांनी कप हातात घेतला. "त्यानं हा मजकूर छापखान्यात दिला तेव्हा तुला काही बोलला का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून खोकला आला.

कानटोपी, घोंगडी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, अशा अवतारात हे दारात उभे होते.

"अण्णासाहेब, मी घरीच होतो," हे म्हणाले. "पत्र मी दिलं नाही. मी ते लपवलं होतं. लग्नातल्या कोटाच्या खिशात. हिला इंग्रजी वाचता येत नाही. हिला वाटलं स्तुती आहे, म्हणून हिनं नेऊन दिलं, प्रूफही हिनंच तपासलं. त्यात धैर्य नाही, काही नाही. मी बाकीच्यांसारखाच."

मला इतका संताप आला, की वाटलं हाताला लागेल ते आपटावं. घास तोंडाशी आला आणि ह्यांनी आपल्या हातानं दूर सारला. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की बाई, तुझं लग्न बऱ्या माणसाशी झालंय.

अण्णासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. 

"का लपवलंस?"

"लाज वाटली."

"किती वाचलं होतंस?"

"पहिलं पान."

"आणि पुढची पाच?"

"धीर झाला नाही."

"काल छापून आल्यावर?"

"तेव्हाही नाही."

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "आणि तू म्हणे तपासलंस?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं. "पण मला वाचता येत नाही. इमामभाईंनाही येत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की काय, नीट कळलं नाही. "कमिटीच्या चेअरमननी काल मला बोलावून माझं अभिनंदन केलं," ते म्हणाले. "म्हणाले, त्या त्र्यंबक रिसबुडांची चांगली जिरवलीत. त्यांनीही पहिलंच पान वाचलं होतं. म्हणजे सहा पानी पत्र लिहून झालं, छापून झालं, गावात वाटून झालं, आणि शेवटपर्यंत ते एकाही माणसानं वाचलेलं नाही." त्यांनी काखेतलं पुस्तक उघडून ह्यांच्यापुढे धरलं. "बस खाली. चौसष्टावं कलम वाच. मोठ्यानं. आणि हिला मराठीत सांगत जा, नाहीतर ही उद्या आणखी काही छापायला देईल."

हे बाजेच्या कडेला बसले. सुरुवातीला ह्यांचा आवाज नेहमीसारखा होता.

"कलम चौसष्ट. ही शेवटची चूक पुस्तकातली नाही, माझी आहे. सन बावीसमध्ये मी या लेखकाला भर वर्गात सांगितलं, की इंग्रजी हे तुझं काम नव्हे." हे थांबले. घोंगडी सावरून पुन्हा वाचायला लागले. "हे पुस्तक चुकांनी भरलेलं आहे. परंतु ज्या मुलाला घरात इंग्रजी सांगणारं कुणी नाही, त्याला नेमकं कुठे अडतं, हे चाळीस वर्षं शिकवून मला उमगलं नाही, ते याला उमगलं आहे. तरी पुढील आवृत्तीत... पुढील आवृत्तीत पुस्तकाबरोबर मलाही दुरुस्त करून घ्यावं."

शेवटचं वाक्य ह्यांनी मला नीट सांगितलंच नाही. पुस्तक मांडीवर पालथं पडलं आणि घोंगडीत तोंड खुपसून हे लहान मुलासारखे रडले. मीही रडले. अण्णासाहेब खिडकीबाहेर बघत गार झालेला चहा प्यायले.

निघताना दारात थांबून, छत्री उघडता उघडता ते म्हणाले, "त्र्यंबक, पुस्तक मात्र वाईट आहे हं. तो गोविंद एकदा काय तो मरू दे, नाहीतर नीट जगू दे."

सोमवारी कमिटीत काय झालं ते शाळेच्या शिपायानं येऊन साग्रसंगीत सांगितलं. कुणीतरी विचारलं, असलं पत्र छापणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का? अण्णासाहेब म्हणाले, "छापलं नाही त्यानं, लपवलं होतं. लपवणारे मला खूप भेटले. लपवलं म्हणून आपल्या तोंडानं सांगणारा हा पहिला." आणि मग त्यांनी निकाल सांगितला: मास्तर ठेवा, पुस्तक ठेवू नका, त्रेसष्ट चुका दुरुस्त झाल्या, की पुस्तकही बघू.

त्या दुरुस्त्यांना तीन वर्षं लागली. दर रविवारी दुपारी अण्णासाहेब यायचे, हे आणि ते समोरासमोर बसायचे आणि एकेका वाक्यावरून अशी जुंपायची, की शेजारीण मला विचारायची, वाटण्या चालल्यात का हो? मी सुरुवातीला नुसती चहापुरती बाहेर यायची. मग जात्यावरचं दळण आटपून दाराशी बसायला लागले. एक दिवस अण्णासाहेब म्हणाले, "दारात कशाला, उंबरठ्याच्या आत ये की." भोपळा आणि साप यांची खरी नावं मी अशी शिकले. संसारात दोन मुलं झाली, आणि त्यांच्याही आधी मला इंग्रजी तिसरीचं पुस्तक वाचता यायला लागलं.

दुसरी आवृत्ती निघायची वेळ आली, तेव्हा नवा अभिप्राय लिहायला अण्णासाहेबांनी साफ नकार दिला. हे म्हणाले, "नकोच आहे. जुनाच छापणार." आणि तसंच केलं. सबंध पत्र पुन्हा, जसंच्या तसं. फक्त दर कलमाखाली ह्यांचं बारीक टायपात उत्तर. मजकूर छापखान्यात नेऊन द्यायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं, आणि प्रूफ तपासायचंही.

इमामभाईंनी आता चष्मा लावला होता. आम्ही पहिल्यासारखेच समोरासमोर बसलो. कलम एकखाली 'दुरुस्त केले'. कलम दोनखाली 'दुरुस्त केले'. गोविंदाच्या कलमाखालीही तेच. तो आता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सुखानं आंबे खात होता. असं त्रेसष्ट वेळा. इमामभाईंनी एकदा जुळवलेली ओळ त्रेसष्ट ठिकाणी लावली असती, तरी चाललं असतं.

मग चौसष्टावं आलं. त्याखालचं उत्तर ह्यांनी मला दाखवलं नव्हतं. पाकीट चिकटवूनच दिलं होतं. मी मूळ कागद हातात घेतला आणि ते इंग्रजी उत्तर स्वतः वाचलं. एकदा मनात, मग एकदा ओठ हलवत, एकेक शब्द नीट लावून.

'ही चूक नव्हती. त्या वेळी मला खरोखरच इंग्रजी येत नव्हतं. म्हणून दुरुस्त केली नाही.'

पुढचं मला दिसेनासं झालं. मी पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं वैनी?" इमामभाई घाबरून खिळ्यांवर वाकले. "चूक घावली व्हय?"

"नाही इमामभाई," मी म्हटलं. "चूक नाही. लावा तसंच."